गॅलरीच्या दारातून मागे फिरणारी पोरं आत आणायची असतील तर

काही वर्षांपूर्वी वस्तीतली नऊ पोरं घेऊन मी शहरातल्या एका कलादालनात गेले होते. प्रदर्शन सगळ्यांसाठी खुलं होतं, तिकीट नव्हतं. मी पुढे होते, मला कुणी काही विचारलं नाही. मागून येणाऱ्या पोरांना वॉचमननं विचारलं, "कुठं निघालात? काय काम आहे?" आवाजात राग नव्हता, त्याचा तो रोजचा प्रश्न होता. मी वळून "माझ्यासोबत आहेत" म्हणेपर्यंत त्यातली दोन पारधी मुलं आपसूक मागे फिरून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली होती. इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा करून त्यांच्या पणज्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण दारावरचा प्रश्न अजून तसाच आहे.

त्यानंतर आम्ही पुण्यात वस्तीला लागून असलेल्या एका जुन्या हॉलमध्ये छोटी गॅलरी सुरू केली. शहरात, तालुक्याला, गावात कुणी असंच काही करू पाहत असेल, तर आम्ही केलेलं आणि चुकत चुकत शिकलेलं इथे पायरी पायरीनं लिहिते आहे. मोठं दालन लागत नाही. वाचनालयाची एक भिंत, समाजमंदिराचा हॉल, बंद पडलेला गाळा चालतो. उजेड हवा, भिंत कोरडी हवी आणि दार रस्त्यावर उघडणारं हवं.

पायरी १: आधी दार दुरुस्त करा

चित्रांचा विचार नंतर. दारावर जो कुणी बसतो, वॉचमन असो, शिपाई असो की तुमचाच कार्यकर्ता, त्याला पहिल्या बैठकीला बोलवा. कोण येणार आहे, का येणार आहे हे त्याला सांगा. येणाऱ्याला "काय काम आहे?" ऐवजी "या, चपला इथं काढा" म्हणायचं, एवढंच शिकवायचं आहे. आमचे काका आता पोरांना नावानं हाक मारतात आणि एखादा दोन रविवार दिसला नाही तर मला विचारतात.

नोंदवहीत नाव आणि फोन पुरे. आधार कार्ड मागू नका. ज्यांच्याकडे ते नाही, किंवा ज्यावरचा पत्ता उठवलेल्या झोपडपट्टीचा आहे, ती मुलं तिथूनच परत जातात. आणि संडासाला आतून लागणारी कडी बसवून घ्या. मुली न येण्याची कारणं आम्ही महिनाभर शोधत होतो, त्यातलं एक हे निघालं.

पायरी २: तुम्ही त्यांच्याकडे जा

पोस्टर लावलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं की जी मुलं येतात ती एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेली, ड्रॉइंगच्या क्लासला जाणारी असतात. ती हवीच आहेत. पण फक्त तीच आली तर गॅलरी पुन्हा त्याच घरांतल्या मुलांची होते.

बाकीच्यांसाठी फिरावं लागतं. आदिवासी मुलांचं वसतिगृह, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, मूकबधिर शाळा, मदरसा, बुद्धविहार, तालीम, गणेश मंडळाची खोली. प्रत्येक ठिकाणी एक माणूस असतो ज्याच्या शब्दावर घरचे पोरांना पाठवतात. कुठे ती आशाताई असते, कुठे गृहपाल, कुठे मौलाना, कुठे जयंतीच्या कमिटीचा अध्यक्ष. त्या माणसाला भेटल्याशिवाय थेट मुलांशी बोलू नका. आणि त्याच्याकडे एकदा जाऊन भागत नाही. माझा अनुभव तीन भेटींचा आहे. पहिल्या दोन भेटींत प्रकल्पाचा विषयही काढायचा नाही, नुसतं बसायचं, चहा घ्यायचा, पोरं हातानं काय काय करतात ते बघायचं.

ते बघण्यासारखं असतं. मंडळाच्या खोलीत थर्माकोल कापणारा मुलगा कमानीचं माप डोळ्यांनी घेतो. वाढदिवसाचे फ्लेक्स मोबाइलवर बनवणारा मुलगा अक्षरांची मांडणी जाणतो. मेंदी काढणारी मुलगी पेन्सिलचा आधार न घेता तळहाताएवढ्या जागेत वेल पुरवते. यातल्या कुणालाही "तू चित्रकार आहेस का?" विचारलं तर उत्तर "नाही" येतं. म्हणून तो प्रश्न विचारूच नका. "हे तू कुठं शिकलीस?" विचारा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयानं २०१५पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांत आणि गावोगावी नेलं. आपल्याकडे बस नसते, पण एका पिशवीत मावेल एवढं प्रदर्शन नेता येतं. मी दहा छापील चित्रं, एक गोधडी, एक कळसूत्री बाहुली आणि थोडी रंगवलेली मडक्यांची खापरं घेऊन जायचे आणि ओट्यावर मांडायचे. हात लावायला परवानगी. गॅलरीत काय असतं हे सांगण्यापेक्षा ते लवकर कळतं.

कॉलेजची मुलं राष्ट्रीय सेवा योजनेतून मिळतात. त्यांना वर्षाला १२० तासांचं काम दाखवायचं असतं, त्यामुळे ती खुशीनं येतात. फक्त एक काळजी घ्या. त्यांना 'स्वयंसेवक' आणि वस्तीतल्या मुलांना 'लाभार्थी' असं होऊ देऊ नका. पहिल्या वर्षी आमच्याकडे तेच झालं. कॉलेजची मुलं रंग वाटत होती, पाठीवर थाप मारत होती आणि स्वतः काहीच बनवत नव्हती. दुसऱ्या वर्षापासून नियम केला: जो खोलीत आहे तो काम करणार, आणि रंगाचे डबे आळीपाळीनं सगळे धुणार.

पायरी ३: वेळ, गाडीभाडं आणि पोट

बहुतेक प्रकल्प इथे मोडतात, म्हणून सावकाश सांगते.

आधी कॅलेंडर घेऊन बसा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, तेव्हा काही होणार नाही. गणपतीच्या आधीचा महिना मंडळाची पोरं तुमची नाहीत. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात भीमजयंतीची तयारी असते. रमजानमध्ये संध्याकाळची वेळ मुस्लिम मुलांना जमत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीच्या सुमारास निघून जातात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. हे सगळं खोडून जे उरतं त्यात आठ सलग रविवार शोधायचे. आम्हाला जून-जुलै सापडला. पावसात कागद सर्दावतो, चित्रं वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, तरी माणसं येतात म्हणून तेच महिने धरले आणि काम कागदाऐवजी कापडावर नेलं.

दिवसातली वेळही त्यांनाच विचारा. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला दुपारी तीन ते पाच मोकळं असतं. मुलींना अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं. बांधकामावर जाणाऱ्यांना रविवारीही अर्धा दिवस काम लागतं. आमच्याकडे रविवारी तीन ते साडेपाच ठरलं आणि साडेपाच म्हणजे साडेपाच. एकदा पावणेसात झाले, पुढच्या रविवारी चार मुली आल्या नाहीत.

बसभाडं रोख, त्याच दिवशी, आल्या आल्या द्या. "नंतर हिशोब करू" म्हणालात तर ज्याच्याकडे जाण्यापुरते पैसे नाहीत तो येणारच नाही, आणि का आला नाही हे सांगणारही नाही. सगळ्यांना सारखं द्या, कुणाला गरज आहे हे विचारत बसू नका. कमवत्या मुलांचा बुडालेला अर्धा रोज भरून देता आला तर उत्तमच. बजेट करताना आम्ही आधी भाडं आणि नाश्ता लिहितो, मग कलाकाराचं मानधन, मग साहित्य आणि सगळ्यात शेवटी निमंत्रणपत्रिका. पैसे कमी पडले तर पत्रिका जाते.

नाश्ता आल्यावर द्यायचा, शेवटी नाही. उपाशी पोटी रेघ सरळ येत नाही. पोहे, उसळ-पाव, केळी असं काही, जे सगळ्यांना चालतं आणि एकाच भांड्यातून वाढता येतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कोण कुणाच्या हातचं खात नाही हे आमच्या पहिल्या गटात पोह्यांच्या पातेल्यापाशीच दिसलं. मी भाषण केलं नाही. वाढायची पाळी लावली, आणि चौथ्या रविवारपर्यंत पातेलं चाटूनपुसून संपायला लागलं.

पायरी ४: पहिला रविवार

गट बारा ते सोळा जणांचा ठेवा. वय १५ ते २२ असं धरलं तर जमतं, त्याहून मोठा फरक असेल तर धाकटी गप्प होतात. एका ठिकाणची किमान तीन मुलं हवीत. एकटा मुलगा नव्या गटात टिकत नाही. मदरशातला एकच मुलगा आला आणि दोन रविवारांत गळाला, ही चूक आमचीच होती.

पहिल्या दिवशी कोरा कागद पुढे ठेवू नका. कागद बघितला की शाळेतल्या ड्रॉइंगच्या तासाची आठवण येते आणि "मला येत नाही" सुरू होतं. आम्ही निरोप द्यायचो: घरातून एक जुनं कापड आणा, ज्याची गोष्ट सांगता येईल. आईची फाटलेली साडी, शाळेचा गणवेश, बाबांचा कंपनीचा शर्ट, लहान भावाची झबली. सगळे गोल बसायचे आणि कापड हातात धरून दोन मिनिटं बोलायचं. मराठी, हिंदी, दख्खनी, बंजारा, जी येईल ती भाषा. कुणीतरी अर्थ सांगतंच.

एका मुलीनं सिमेंटच्या गोणीचा तुकडा आणला होता. तिनं तो उलगडला आणि म्हणाली, "मी झाले तेव्हा आईनं याच्यावर निजवलं होतं, साइटवर. हिच्यासारखीच होती, हीच नाही." मग तो तुकडा तिनं घडी घालून मांडीवर ठेवला आणि शेवटपर्यंत कुणाच्या हातात दिला नाही. प्रदर्शनात तो लावायचा का, हे तिला आम्ही तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती हो म्हणाली.

कर्णबधिर मुलं गटात असतील तर पहिल्या दिवसापासून सांकेतिक भाषेचा दुभाषा हवा. शाळेतले शिक्षक बहुधा मदत करतात, पण त्यांनाही मानधन द्या. शिवाय प्रत्येक रविवारी सगळ्या गटानं पाच खुणा शिकायच्या. रंग, कात्री, थांब, छान, परत कर. दोन महिन्यांत बाकीची पोरं रस्त्याच्या दोन बाजूंना उभी राहून खुणांनी बोलायला लागली.

पायरी ५: विषय ठरवताना दोन सापळे

पहिला सापळा म्हणजे मुलाच्या जातीजमातीवरून त्याची कला ठरवणं. जुन्नरकडचा, महादेव कोळी घरातला एक मुलगा वसतिगृहात राहायचा. एका कार्यशाळेत त्याला सांगितलं गेलं, "तू आदिवासी ना, मग वारली काढ." वारली ही वेगळी जमात, डहाणू-तलासरी-जव्हारकडची. त्या चित्रांत लग्नाचा चौक पारंपरिकपणे सवाशिणी लिहीत आल्या. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ती चित्रं कागदावर आणि कापडावर आणली आणि जगभर पोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं त्या मुलाला जितकं परकं, तितकंच सदाशिव पेठेतल्या मुलाला. त्याला काढायची होती ट्रॅक्टरची इंजिनं, आणि ती तो फार सुंदर काढतो. वारलीच शिकायची असेल तर वारली कलाकाराला मानधन देऊन बोलवा आणि सगळ्या गटाला शिकू द्या.

दुसरा सापळा दुःखाचा. देणगीदाराला, पाहुण्यांना, कधी कधी आपल्यालाही वस्तीतल्या मुलांकडून व्यसन, मारहाण, गरिबी यांची चित्रं हवी असतात. मुलांनी स्वतःहून तो विषय काढला तर काम खोल जातं. धारावीत 'स्नेहा' या संस्थेनं २०१५ साली आरोग्य आणि कला यांना जोडून 'धारावी बिएनाले' नावाचं कलाप्रदर्शन भरवलं. तिथल्या बायकांनी घरगुती हिंसाचार कुठे कुठे होतो याचा कापडी नकाशा केला होता. असं काम अवघड आणि खरं असतं, कारण त्यामागे त्या भागात वर्षानुवर्षं उभी असलेली मदतीची यंत्रणा असते. तुमच्याकडे समुपदेशक नसेल, मुलगी रडायला लागली तर काय करायचं हे ठाऊक नसेल, तर ती जखम उघडू नका.

आमची पद्धत साधी आहे. दुसऱ्या रविवारी प्रत्येक जण चिठ्ठीवर एक विषय लिहितो, लिहिता येत नसेल तर चित्र काढतो, मग सगळ्या चिठ्ठ्या भिंतीला चिकटवून प्रत्येकाला तीन टिकल्या मिळतात. कपाळाच्याच टिकल्या. ज्या चिठ्ठीवर जास्त टिकल्या तो विषय. मलाही तीनच.

पायरी ६: सहा रविवार हातांचे

कलाकार निवडताना नाव बघू नका, हात मागे ठेवता येतो का ते बघा. मुलाचं चित्र 'जरासं नीट करून' देणारा कलाकार नको. आमच्या कापडाच्या कामात रेषा वाकड्या होत्या, ठिगळं कमीजास्त होती, ती तशीच राहिली.

गोधडीचं काम नव्या गटासाठी फार सोयीचं आहे. साहित्य घरातलं, सुई-दोरा स्वस्त, बसायला सतरंजी, आणि धावदोरा घालताना मान खाली असल्यामुळे गप्पा आपोआप निघतात. सुरुवातीला मुलगे सुई धरायला लाजले. मग त्यातला एक म्हणाला की तो शिलाईच्या कारखान्यात काजं करतो, आणि त्यानं सगळ्यांना दोऱ्याची गाठ एका बोटावर मारायला शिकवलं. पाचव्या रविवारी एकाची आई डोकावायला आली, कापड उलटं करून तिनं मागची बाजू बघितली आणि म्हणाली, "टाके लांब पडलेत, एका धुण्यात उसवंल." पदर खोचून खाली बसली. पुढचे दोन रविवार ती शिकवायला होती, तिलाही मानधन दिलं.

पायरी ७: परवानगी आणि मालकी

१८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी परवानगी घ्या. मजकूर मराठीत आणि हिंदीत, अर्ध्या पानाचा, वाचून दाखवलेला. येण्याची परवानगी वेगळी, फोटोची वेगळी आणि फोटो इंटरनेटवर टाकण्याची आणखी वेगळी. आईनं हो म्हटलं आणि मुलीनं नाही, तर उत्तर नाही. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही, कायम दोघे मोठे हजर, हा नियम पाहुण्या कलाकारालाही लागू. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२चा पोक्सो कायदा काय सांगतो हे तुमच्या प्रत्येक सहकाऱ्याला माहीत हवं. असा प्रकार कळला तर तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आपसात मिटवणं' नाही.

चित्र ज्यानं काढलं त्याचं. कॉपीराइट कायदाही तेच धरतो. विकलं गेलं तर पैसे कुणाला, किती, हे सुरू होण्याआधी लिहून ठेवा. सामूहिक कामाचं अधिक काटेकोर लिहा. गोधडी विकत मागणारे भेटतील. आमच्या गटानं विकायची नाही असं ठरवलं.

पायरी ८: भिंतीवर लावताना

मांडणी मुलांनी करायची. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास ठेवण्याचा गॅलऱ्यांचा रिवाज आहे. आमच्या मुलांनी तो वीतभर खाली आणला, कारण व्हीलचेअरवरची एक मैत्रीण आणि धाकटी भावंडं येणार होती.

माझे सगळ्यात जास्त तास नावाच्या चिठ्ठ्यांवर गेले. चित्राखाली नाव, वय, शाळा लिहायची पद्धत असते. मी पूर्ण नावांची यादी टाइप करून आणली. एका मुलानं यादी हातात घेतली, आपलं नाव शोधलं आणि बोटानं आडनाव झाकून मला म्हणाला, "ताई, एवढंच ठेवाल का?" आडनाव वाचलं की लोक चित्र बघायचं सोडून जात बघतात, हे त्याला माझ्याआधी कळत होतं. मग सगळ्यांना विचारलं. कुणी नुसतं नाव सांगितलं, कुणी आईचं नाव जोडलं, दोघींनी आडनाव हवंच म्हणून सांगितलं कारण त्यांना त्याचा अभिमान होता. यादी पाच वेळा बदलली. 'वंचित घटकातील', 'झोपडपट्टीतील' असले शब्द चिठ्ठीवर, पत्रिकेवर, बातमीत कुठेही येऊ देऊ नका. पत्रकारांना आधीच सांगा.

पायरी ९: उद्घाटन आणि नंतर

नगरसेवकाला बोलवायचं असेल तर बोलवा, पण माइक शेवटी द्या. फीत कुणी कापायची ते मुलं ठरवतील. आमच्याकडे टाके सुधारणाऱ्या त्या आईनं कापली. वेळ संध्याकाळी चारची ठेवा, म्हणजे घरचे येऊ शकतात. एकेका मुलानं आपल्या कामाशेजारी उभं राहून लोकांना सांगावं, ज्याला बोलायचं नाही त्यानं नुसतं उभं राहावं.

प्रदर्शन उतरलं की आठवड्याच्या आत प्रत्येकाचं काम घरी पोचतं करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पत्र्याच्या घरात पावसाचं पाणी येतं, ज्याला गॅलरीतच ठेवायचं असेल त्याच्यासाठी कपाटात नावाचा खण ठेवा. पैशांचा हिशोब सगळ्यांसमोर वाचा. आणि पुढच्या वर्षीच्या समितीत गटातली किमान तिघं घ्या, मत देण्याच्या हक्कासकट. निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसवण्यासाठी नको.

आमच्या समितीत यंदा चौघं आहेत. पुढच्या प्रकल्पासाठी मी पाण्याचा विषय सुचवला होता, वस्तीत दोन दिवसांआड पाणी येतं म्हणून. टिकल्या पडल्या भटक्या कुत्र्यांवर. कुठल्या गल्लीत कोणतं कुत्रं झोपतं, त्याला कोण खायला घालतं, कुणाला बघून ते भुंकतं, याचा मोठा कापडी नकाशा करायचा आहे. जूनच्या पहिल्या रविवारी तीन वाजता बसणार आहोत, जुनी कापडं गोळा करायला सुरुवात झाली आहे.